मांड

केंडलच्या इस्पितळात मी हाडांचे फोटो काढते.
सोमवारी सकाळी मनगटं येतात,
रविवारच्या उन्हात घसरलेली.
त्यांचे मालक साठीचे, पोटं सुटलेले,
पडद्याकडे न बघता विचारतात,
टाकीला पोचा आला असेल का हो?

तरीही घेतली.

निळी. साडेसहाशे सीसी. नऊ वर्षांची.
शर्यतीच्या गाड्यांसारखी पालथं पाडत नाही,
की आरामखुर्चीसारखे पाय पसरू देत नाही.
पाठ ताठ, कोपर सैल,
पंगतीत पाटावर बसावं तसं बसायचं.
फक्त हा पाट ताशी साठ मैलांनी धावतो
आणि वाढणारं कुणी येत नाही.

विकणारा क्लिफर्ड थ्रेलफॉल,
सेटलचा, उभा जन्म दगडी कुंपणं रचण्यात गेलेला.
वैजयंती काही त्याच्या जिभेवर बसेना,
शेवटी नुसतं ‘वाय’ म्हणाला,
आणि किल्ली देताना एवढंच :
दुसरा गिअर थंडीत रुसतो. ओरडायचं नाही. थांबायचं.
पैसे मोजले नाहीत त्याने.
गराजमध्ये खिळ्यांवर दोन हेल्मेटं होती,
त्यांच्याबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

वर्षभर ती मला उडवत राहिली.
गचका बसला की मी माझे मणके मोजून घ्यायचे,
धंद्याचीच सवय.
हिवाळ्यात हातमुठी गरम व्हायच्या, बटण दाबलं की,
आणि डोंगरावर मेंढ्या अशा बघायच्या
जणू मीच रस्ता चुकून त्यांच्या घरात आले.
चढावर तिसऱ्या गिअरात ती जो सूर लावायची
त्यासाठी मणक्यांचं काय घेऊन बसलात!

स्किप्टनच्या झुबेरने टॉर्च मारला, वाकून बघितलं.
‘मागची स्प्रिंग दोघांच्या वजनाला आवळलीये.
तुम्ही तर एकट्याच फिरता.
सैल करतो, पाच मिनिटं.’
राहू दे, म्हटलं.
का, ते मलाही धड सांगता आलं नसतं.
चेनला तेल लावून निघाले.

सप्टेंबरात, कर्कबी लॉन्सडेलच्या जुन्या पुलाशी,
जिथे रविवारी गाड्या रांगेने उभ्या राहतात
आणि चहाच्या गाडीवर लेदरमधली म्हातारी मुलं,
तिथे क्लिफर्ड.
‘आधी हिचा आवाज आला, मग तुम्ही दिसलात.’
खुबा नवा बसवलेला, हातात काठी.
बसने आला होता,
आणि त्याच्या बाजाराच्या पिशवीत हेल्मेट होतं.
मी बघितलं. बघितलं नाही असं केलं.
मग म्हटलं, हॉजपर्यंत चालली आहे मी.

पहिल्या वळणावर तो माझ्याआधी झुकला,
भाकरी फुगायच्या आधी हात तव्याकडे जातो तसा,
न सांगता.
आणि गाडी बसली.
वर्षभरात पहिल्यांदा तिने मांड ठोकली रस्त्यावर.
रिबलहेडच्या कमानींपाशी एक खड्डा आहे, मला तोंडपाठ.
तो आला कधी, गेला कधी,
मी आपली दात आवळून त्याची वाट बघत राहिले
पार हॉज येईपर्यंत.

तिथे काठी शोधत, एक पाय अजून पायरीवर,
तो म्हणाला, ‘मागून काही दिसत नाही हो.
नुसती पाठ.’
थोडा वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला.
‘एकतीस वर्षं मार्जरी
हा नजारा बघ, तो नजारा बघ, म्हणून मी ओरडायचो,
आणि ती म्हणायची, हो, बघितला.’

मी चहा आणायला गेले. दोन साखर, त्याने सांगितलं,
तीन टाकल्या.

त्याला सेटलला सोडलं.
पुढे एकटी,
गचके परत आपापल्या जागी,
चौथा मणका, पाचवा.
झुबेरला फोन करायला हवा, असं वाटलं
आणि गावाबाहेरच्या चढापर्यंत वाटत राहिलं.
तिथे अंधारात, गारव्यात, दुसरा गिअर रुसला.

मी ओरडले नाही.